शाकारणीच्या आधी शिडी पाहा, पट्ट्याचे नंतर

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मृग नक्षत्राला आता थोडेच दिवस उरले आहेत. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात कौले शाकारण्याची घाई चालू आहे. बेळगाव शहरात गच्चीवरचे शेवाळ खरवडणे, टाकी धुणे, पन्हळीतला पालापाचोळा काढणे सुरू आहे. निपाणी-चिकोडीकडे गोठ्यांचे आणि तंबाखूच्या वखारींचे पत्रे बदलले जात आहेत. ही सारी उंचीवरची कामे, आणि बहुतेक घरांत ती कळकाच्या जुन्या शिडीवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आणि हाताशी येईल त्या दोराच्या भरवशावर उरकली जातात. अलीकडे काही घरांत ऑनलाइन मागवलेला सेफ्टी बेल्टही दिसू लागला आहे. जिवाची काळजी असते म्हणूनच कुणी तो घेतो. पण साधने निवडण्याचा क्रम नेमका तिथेच चुकतो. आधी उंची मोजायची, काम काय आहे ते ठरवायचे, मग शिडी, मग छपरावर पाय ठेवायची फळी, आणि पट्टा-दोर सर्वांत शेवटी. हा क्रम असाच का, ते नीट सांगावे म्हणून हे पत्र.

पट्ट्याचाच हिशेब आधी पाहू. फुल बॉडी हार्नेसबरोबर (खांदे आणि मांड्यांभोवती आवळायच्या पूर्ण पट्ट्याबरोबर) साधारण सहा फुटांची जोडदोरी मिळते. तिच्यात झटका शोषणारी एक शिवलेली पुडी असते. माणूस पडला की या पुडीची शिवण टराटरा उसवत जाते आणि अंगाला बसणारा हिसका कमी होतो. पुडी पूर्ण उसवली की दोरी आणखी पावणेसहा फुटांपर्यंत लांबते. पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत पाच फूट धरा, खाली तीन फूट राखीव ठेवा. बेरीज होते जवळजवळ वीस फूट. दोर जिथे अडकवला आहे तिथून खाली एवढी मोकळी जागा हवी, तरच ही व्यवस्था माणसाला जमिनीच्या वर अडवते. आपल्याकडच्या कौलारू घराची वळचण नऊ-दहा फुटांवर असते, आढे पंधरा-सोळा फुटांवर. वळचणीजवळ काम करणाऱ्याचा हा हिशेब कधीच जुळत नाही. पुडी उसवून संपायच्या आत तो अंगणात आदळलेला असतो. दहा फुटांवरून पडायला पाऊण सेकंद लागतो आणि आदळताना वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. तेवढ्या वेळात कशालाही हात घालून धरता येत नाही. म्हणून एकमजली घरावर पट्टा वापरायचा तो पडल्यावर झेलण्यासाठी नाही, कडेपर्यंत जाताच येऊ नये यासाठी. ते कसे करायचे ते पुढे लिहिले आहे.

नुसता कमरपट्टा तर घेऊच नये. स्वस्त मिळतो म्हणून तो अजून खपतो. पडताना सगळा हिसका कमरेवर आणि पोटावर येतो, मणका मोडू शकतो, आणि माणूस उलटा झाला तर पट्ट्यातून निसटूही शकतो.

आता शिडी. उंचीवरच्या घरकामात पडण्याचे प्रसंग बरेचदा शिडीवरच येतात, आणि शिडीचे चुकते ते आधी लांबीत. वळचण १२ फुटांवर असेल तर शिडी १२ फुटांची पुरत नाही. शिडी चारास एक या प्रमाणात कललेली हवी. म्हणजे टेकण्याची जागा १२ फूट उंच असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून तीन फूट बाहेर. आणि छपरावर उतरायचे असेल तर शिडी टेकलेल्या जागेच्या वर आणखी तीन फूट निघालेली हवी, कारण पाय काढताना आणि परत ठेवताना हाताला धरायला काहीतरी लागतेच. हे सगळे धरले की १६ फुटांची शिडी घ्यावी लागते. आखूड शिडी घेतली की माणूस ती उभी लावतो आणि सर्वांत वरच्या पायरीवर चढतो, तिथून मागे कोसळतो. फार आडवी लावली तर खालचा पाय सरकतो. कल बरोबर आहे का ते पाहायची साधी युक्ती अशी: शिडीच्या पायाला बोटे टेकवून ताठ उभे राहा आणि दोन्ही हात खांद्याच्या उंचीला सरळ पुढे करा. तळवे समोरच्या पायरीला सहज टेकले तर कल बरोबर आहे.

टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्या उभे राहण्यासाठी नाहीत. जोडून लांब होणारी सरकती शिडी घेतली तर दोन भाग एकमेकांवर किमान तीन फूट चढलेले हवेत. शेवटच्या खाचेपर्यंत ओढून लांबी वाढवणे म्हणजे मधोमध मोडायला निमंत्रण देणे. एकात एक शिरणाऱ्या दुर्बिणीसारख्या शिड्या दुचाकीवरून नेता येतात म्हणून लोकांना आवडतात, पण त्यांच्या प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंच्या खिळी बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि खुणा पाहिल्याशिवाय चढू नये. धूळ-माती शिरली की या खिळी अर्धवट बसतात. घरासाठी एकच शिडी घ्यायची तर आम्ही ही सुचवणार नाही.

किती वजन पेलते हे शिडीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. त्यात माणसाचे वजन, अंगावरची हत्यारे आणि हातातले सामान सगळे मोजायचे. ७५ किलोचा माणूस, पाच किलोची हत्यारे आणि चार मंगळुरी कौले धरली तर ९० किलोच्या आसपास जाते, कारण एक कौल दोन-अडीच किलोचे असते. १५० किलोची शिडी घ्यावी, त्याखाली उतरू नये. सामान मात्र हातात धरून चढायचेच नाही. ते दोराला बांधून मागून ओढून घ्यावे. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, एवढे तीन आधार चढता-उतरताना कायम शिडीवर असले पाहिजेत.

कळकाची शिडी वाईट असे मुळीच नाही. नीट वाळलेला, भरीव कळक असेल तर ती चांगली. पण ती हातात घेऊन जवळून पाहावी लागते. पायरी जिथे उभ्या दांड्यात बसते तिथे बोट फिरवा. पिठासारखी बारीक पिवळसर पूड बोटाला लागली तर आत भुंगा आहे, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारा तो कळक आतून पोकळ झालेला आहे. दांड्यावर लांबीच्या दिशेने चीर गेली असेल, विशेषतः खिळ्यापासून निघालेली, तर ती शिडी चुलीत घालावी. तार गुंडाळून चीर थांबत नाही. प्रत्येक पायरी दोन्ही हातांनी पिळून पाहा, फिरली तर बांधणी सैल आहे. सुंभाने किंवा काथ्याने बांधलेली असेल तर गाठ दरवर्षी नव्याने बांधावी, कारण सुंभ आतून कुजतो आणि वरून तसाच दिसतो. कळकाच्या शिडीला रंग कधीच देऊ नये, रंगाखाली चिरा झाकल्या जातात. पावसात पडून राहिलेली, अंगणात आडवी टाकलेली शिडी दोन वर्षांत जाते. वळचणीखाली खुंट्यांवर आडवी टांगलेली बरीच वर्षे टिकते.

ॲल्युमिनियमची शिडी हलकी आणि सोयीची, पण तिला वाकवून ठोकून सरळ करू नये आणि तुटल्यावर वेल्डिंग करून आणू नये. वेल्डिंगच्या आचेने जोडाभोवतालचे ॲल्युमिनियम मऊ पडते आणि पुढच्या वेळी तिथेच वाकते. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पाइपची शिडी करून घेणारेही बरेच आहेत. तिच्या पाइपांची तोंडे उघडी राहिली तर पावसाचे पाणी आत साचते आणि पाइप आतून गंजतो. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि एक दिवस पायरी सांध्यापासून तुटते. करून घ्यायचीच तर तोंडे पत्र्याने बंद करून घ्या आणि सांधे चहूबाजूंनी वेल्ड झालेत का ते पाहा, नुसता टाका मारलेला चालत नाही.

पायाखालचे रबरी बूट हा शिडीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग. ते झिजून धातू दिसू लागला की टाइल्सवर शिडी बर्फावर ठेवल्यासारखी सरकते. बूट सुटे मिळतात, बदलून घ्यावेत. मातीच्या अंगणात एक पाय रुतून शिडी कलते, तिथे खाली रुंद फळी टाकावी आणि फळीला पुढून पट्टी ठोकावी. चढावावर एका पायाखाली वीट किंवा दगड सरकवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडली पाहिजे. उंच बाजूची माती थोडी खणून दोन्ही पाय एका पातळीत आणा, पाच मिनिटांचे काम आहे. शिडी पीव्हीसीच्या पन्हळीवर, कौलाच्या सुट्या कडेवर किंवा खिडकीच्या काचेवर टेकवू नये. भिंतीपासून शिडी दूर ठेवणारी आडवी दांडी मिळते, ती बसवली तर पन्हळही वाचते आणि शिडीही डगमगत नाही. वरचे टोक दोन्ही दांड्यांना दोर घालून वाशाला किंवा पक्क्या कडीला बांधावे. खाली कुणीतरी पाय लावून उभा राहतो, त्याचा उपयोग पहिला माणूस वर चढून शिडी बांधेपर्यंतच. उंच शिडी एकदा सरकली की खालच्याला ती थोपवता येत नाही, आणि वरून पडणारे कौल त्याच्याच डोक्यात येते.

वीज हा इथला दुसरा मोठा घातक भाग. गावठाणात हेस्कॉम या वीज कंपनीची सर्व्हिस वायर वळचणीवरूनच घरात येते आणि काही ठिकाणी मोठी लाइन कौलांच्या जवळून गेलेली असते. नियमाने घरगुती दाबाच्या तारांचे अंतर छपरापासून सरळ वर अडीच मीटर आणि बाजूने १.२ मीटर, तर ११ हजार व्होल्टच्या तारेचे सरळ वर ३.७ मीटर असले पाहिजे. पण जुन्या घरांवर नवे मजले चढले आणि हे अंतर खाल्ले गेले. १६ फुटांची शिडी उभी करताना ती तोल जाऊन कुठल्याही बाजूला पडू शकते, त्यामुळे शिडीची लांबी आणि वर आणखी दहा फूट एवढ्या घेरात तार नसावी. असेल तर लाइन बंद करून घेतल्याशिवाय काम करू नये. त्यासाठी १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. विजेजवळच्या कामाला ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही बाद. फायबरची शिडी घ्यावी, तीही कोरडी आणि स्वच्छ. कळक लाकडासारखा, त्यात वीज उतरत नाही, असे म्हणतात. ओल्या कळकातून ती उतरते. शिडी अंगणातून नेताना खांद्यावर आडवी न्यावी, उभी धरून चालू नये.

आता छपरावर. सिमेंटचा पत्रा हा सर्वांत फसवा. खालून भक्कम दिसतो, वरून पाय ठेवला की आधी तडकतो आणि पुढच्या क्षणी अख्खा माणूस आत जातो. "बोल्टांच्या रांगेवरून चाला, खाली पाइप आहे" असा सल्ला मेस्त्रीही देतात. तो चुकीचा आहे. बोल्टांच्या रांगेची रुंदी पावलाएवढीही नसते, तोल सावरायला दुसरे पाऊल बाजूला पडलेच तर ते मधल्या पत्र्यावर पडते. बोल्टाच्या भोकापाशीच पत्र्याला बारीक चिरा गेलेल्या असतात. उजेडासाठी मधे बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे तर धूळ आणि शेवाळ धरून बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसू लागतात. त्यावर पाय पडला की काही उरत नाही. वर जाण्याआधी असे पत्रे आतून पाहून, त्यांची जागा वरून चुन्याने आखून घ्यावी. आणि पत्र्यावर चालायचेच तर फळीवरून. फळी दीड फूट रुंद, आणि एवढी लांब की खालच्या किमान तीन आडव्या पाइपांवर तिचा भार पडेल. एका वेळी दोन फळ्या लागतात: एकीवर उभे राहायचे, दुसरी पुढे सरकवायची. एकच फळी असली की ती सरकवताना माणूस पत्र्यावर उतरतोच. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते, त्यामुळे शेवाळ कोरडे खरवडू नये, पाणी मारून ओले करून काढावे आणि भोक पाडायला कोरडे ड्रिल लावू नये. काढलेला पत्रा वरून खाली फेकून फोडूही नये, दोराने उतरवावा.

मंगळुरी कौलांच्या छपरावर पाय कौलावर नको, आढ्यावर आकडा अडकवून टाकलेल्या छपरी शिडीवर हवा. गावातला सुतार ही शिडी दोन तासांत करून देतो: दोन उभे दांडे, आडव्या पट्ट्या एक-एक फुटावर, वरच्या टोकाला आढ्यापलीकडे उतरेल असा पक्का आकडा, आणि दांड्यांखाली गोणपाटाच्या गाद्या, म्हणजे भार अनेक कौलांवर पसरतो आणि कौल फुटत नाही. आकडा नुसत्या खिळ्यांनी नाही, आरपार बोल्टने जोडलेला हवा. वर चढण्याआधी माळ्यावरून वासे आणि रीप पाहून घ्या. वळचणीकडची वाशाची टोके पावसाने कुजलेली असतात आणि तुळईजवळ वाळवी असते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे, अर्धा इंच आत गेले तर त्या वाशावर भार नको. शक्य असेल तिथे कौल आतून, माळ्यावर उभे राहून खालूनच सरकवावे. फुटके कौल बदलायची निम्मी कामे अशी होतात. शेवाळलेल्या कौलांवर सकाळी दव असते, उन्हे चढून ती पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर त्या दिवशीचे काम सोडून द्यावे. वाऱ्याच्या दिवशी पत्रा उचलू नये, सुटा पत्रा वाऱ्यात शिडासारखा माणसाला ओढून नेतो.

यानंतरच पट्टा आणि दोर. घरगुती छपरावर त्याचे काम एकच: माणसाला कडेपर्यंत पोचू न देणे. दोर एका पक्क्या जागी बांधून त्याची लांबी अशी ठेवायची की ताणून उभे राहिले तरी कड दोन फूट लांब राहील. बाजूला सरकले की हा हिशेब बदलतो, दोराचे टोक घड्याळाच्या लंबकासारखे फिरते आणि समोर सुरक्षित असलेला माणूस कोपऱ्यात कडेबाहेर जातो. म्हणून बाजूच्या भागासाठी दोर वेगळ्या ठिकाणी बांधावा लागतो. वळचणीचे काम तर पट्ट्याचे नाहीच, ते बाहेरून, बांधलेल्या शिडीवर किंवा परांचीवर उभे राहून करायचे.

दोर कशाला बांधायचा यावर सगळे अवलंबून आहे. पाण्याच्या टाकीचा पाइप, कठड्याची अर्ध्या विटेची भिंत, सोलर हीटरचा सांगाडा, डिशचा खांब, पंख्याचा हूक, यातले काहीही चालत नाही. कड्या-हूकसारख्या अडकवण्याच्या जागेने १२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे बाराशे किलोंचा भार सोसला पाहिजे. सिमेंट काँक्रीटचा खांब किंवा तुळई, अथवा घराच्या पलीकडच्या बाजूच्या दणकट झाडाचा बुंधा या जागा योग्य. दोर आढ्यावरून पलीकडे नेला तर जिथे घासतो तिथे गोणपाटाची घडी घालावी. गाडीला दोर बांधू नये. घरातला कुणीतरी गाडी काढतो, हे घडते.

दोराबाबत एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. हार्डवेअरच्या दुकानात "नायलॉन" म्हणून मिळणारा पिवळा-निळा चमकदार दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. वितभर तुकडा कापून बादलीभर पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. तरंगणारा दोर सामान ओढायला, ताडपत्री बांधायला ठीक आहे. माणसाचा जीव त्यावर टांगू नये, कारण तो उन्हाने झिजतो आणि घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळतो. बोटांनी दोर उलटा पिळून आतले पदर पाहा: उन्हाने गेलेल्या दोरातून बारीक काटेरी तुसे बोटांना टोचतात आणि पांढरी भुकटी झडते. जीवरक्षक म्हणून आत गाभा आणि वर विणलेले कवच असलेला, ११ किंवा १२ मिलिमीटरचा दोर घ्यावा. दोरावर सरकणारी पकड घेतली तर ती दोराच्या जाडीला जुळणारी हवी आणि तिच्यावरचा बाण वरच्या दिशेला. उलटी बसवलेली पकड हिसका बसला तरी पकडत नाही, सरळ घसरत जाते. जमिनीपासून हातभर उंचीवर एकदा बसकण मारून ती आवळते का ते पाहिल्याशिवाय वर जाऊ नये. गाठींनी दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटते, म्हणून शक्य तिथे कारखान्यात शिवलेले फासे वापरावेत आणि नाइलाज असेल तर आठाच्या आकाराची गाठ मारावी.

हार्नेस घेताना त्यावर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा क्रमांक, आयएसआय खूण आणि तिच्याबरोबरचा सीएम/एल परवाना क्रमांक पाहावा. बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे का, कुणाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानातच तपासावे. उत्पादनाची तारीख आणि जास्तीत जास्त वजनही लेबलवर असते. बरेच हार्नेस १०० किलोंपर्यंतचे असतात, धिप्पाड माणसाने त्याहून वरचा मागावा. अंगावर चढवल्यावर मांडीच्या पट्ट्याखाली सपाट तळवा जावा, मूठ जाऊ नये. पाठीची कडी दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध हवी. ती कमरेकडे ओघळलेली असेल तर पट्टे सैल आहेत. पट्ट्याची शिवण मुद्दाम वेगळ्या रंगाच्या धाग्याची केलेली असते, तुटलेला टाका लगेच दिसावा म्हणून. ती दर वेळी इंचाइंचाने पाहावी. आणि एक काळजी: पट्ट्यात अडकून लोंबकळणारा माणूस हालचाल करेनासा झाला तर काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका होतो. त्याला खाली कसे घ्यायचे, शिडी कुठे, कोण धरणार, हे वर चढण्याआधी ठरलेले हवे. एकट्याने पट्टा लावून काम करू नये.

डोक्याला दुचाकीचे हेल्मेट घालून चढणारे दिसतात. ते जड असते, बाजूचे आणि वरचे दिसू देत नाही. कामाचे हेल्मेट वेगळे, आयएस २९२५ चे, आणि हनुवटीचा पट्टा आवळलेले. पट्टा सोडला तर पडताना हेल्मेट डोक्याच्या आधी खाली पोचते. खाली उभ्या असलेल्या मदतनिसालाही ते हवेच. पायात चप्पल नको, मऊ रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट हवेत.

घराच्या आतल्या कामांना मात्र फार खटाटोप नको. जळमटे, पंखा, आकाशकंदील, रंग, यांसाठी दोन्हीकडे पाय असलेली घडीची शिडी आणि रुंद उभे राहायचा ओटा असलेली घ्या, ज्येष्ठांच्या घरात वर धरायला कठडा असलेली. पंखा पुसायला चार फुटांची पुरते. मधल्या पट्ट्या पूर्ण उघडून बसवा, मिटवून भिंतीला टेकवू नका, वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नका. पंख्याचे नुसते बटण बंद करू नये, एमसीबी पाडावी. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय गुळगुळीत टाइल्सवर एका बाजूला भार आला की फाकतात, म्हणून ती चढायला वापरू नये. छत रंगवायला घोडे आणि फळ्या लावल्या तर दीड इंच जाड, नऊ इंच रुंद फळीला दर पाच फुटांवर आधार हवा. फळीचे टोक घोड्याच्या बाहेर दोन इंचांपेक्षा कमी नको आणि सहा इंचांपेक्षा जास्तही नको. जास्त निघालेल्या टोकावर पाय पडला की दुसरे टोक उडते. रंगाच्या डब्यांवर फळी टाकणे तर बंदच करावे. गच्चीच्या कठड्याची उंची किमान एक मीटर हवी. नसेल तर कडेपासून सहा फूट आत विटांची रांग मांडून तिच्यापुढे जायचे नाही असे ठरवावे. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर उभे राहू नये, ते माणसाच्या भाराचे नसते.

एक गोष्ट घरमालकांना कळकळीने सांगायची आहे. दिवसाच्या रोजावर येणारा कारागीर स्वतःची कळकाची शिडी आणि कमरेला गुंडाळलेला सुंभ घेऊन येतो, कारण त्याला तेवढेच परवडते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेही दहा लाख रुपयांपर्यंतचे स्वतःच्या राहत्या घराचे काम आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. म्हणजे आपल्या अंगणातल्या शाकारणीवर कुणाची तपासणी नाही, कुणी नोटीस काढत नाही. जबाबदारी उरते ती ज्याचे छप्पर आहे त्याची. "तुम्हीच बघा काय लागतं ते" म्हणून सोडून देऊ नये. शिडी आपली द्यावी, आणि वाळायला हवे असेल तर अर्धा दिवस काम थांबले तरी त्याचा रोज कापू नये. घाईने चढणारा बहुतेक वेळा रोज बुडेल या धास्तीनेच चढतो.

प्रत्येक घराने हे सगळे विकत घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. वर्षातून चार दिवस लागणारी वस्तू आहे. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने, महिला मंडळाने किंवा ग्रामपंचायतीने एक संच ठेवला तर तीस-चाळीस घरांचे भागते. संच असा असावा: १६ फुटांची १५० किलोंची फायबरची शिडी, छपरी शिडी एक, दीड फूट रुंद फळ्या दोन, परवाना क्रमांकाचा हार्नेस आणि लांबी कमी-जास्त करता येणारी दोरी, ३० मीटर जीवरक्षक दोर, हेल्मेट दोन, शिडी बांधायला वेगळा दोर. मंडप उभारताना तोच संच मंडळाच्या पोरांनाही लागतो. ठेवायचा कोरड्या, अंधाऱ्या खोलीत, उंदीर लागणार नाही असा टांगून. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ नको, आम्लाने नायलॉन जातो. चुन्याच्या किंवा सिमेंटच्या पोत्यांवरही नको, त्याने पॉलिएस्टर खराब होतो. सोबत वही असावी: कुणी नेला, कधी परत आला, काही तडकले-उसवले का. ज्या पट्ट्याने एकदा पडणाऱ्या माणसाचा हिसका सोसला, तो वरून चांगला दिसला तरी कात्रीने मधोमध कापून टाकावा आणि वहीत तसे लिहावे, नाहीतर पुढच्या शाकारणीला तोच कुणाच्यातरी अंगावर चढतो.

आपले,
शाकारणी, रंगकाम आणि वायरिंगच्या कामांतील काही जाणकार
बेळगाव-खानापूर